शिंक्यापासून सोफ्यापर्यंत: पाळीव प्राणी आणि घराची नासधूस

कुत्र्या-मांजरांमुळे घरात जी नासधूस होते तिच्यामागे दात, नख्या, लघवी, भीती आणि केस एवढीच कारणे असतात. सूड, हट्ट, मुद्दाम केलेली खोडी ही कारणे माणसांनी त्यांच्या नावावर चिकटवलेली आहेत. पिल्लाला काहीतरी चावावेच लागते, मांजराला नख्या कुठेतरी घासाव्याच लागतात. कशावर, एवढेच ठरवायचे उरते. जुन्या घरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मांजर असलेल्या घरात दूध, दही, लोणी आढ्याला टांगलेल्या शिंक्यात राहत असे. पुढे चाळीतल्या खोलीत शिंक्याची जागा जाळीच्या कपाटाने घेतली आणि फ्रिज आल्यावर तेही गेले. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले असे म्हणतात खरे, पण त्यानंतर नवे बांधायचे ते शिंके. बोक्याला समज द्यायला कोणी बसत नाही. फ्लॅटमधले शिंके म्हणजे दार असलेले चपलांचे कपाट, वायरींवरची पट्टी, खिडकीची जाळी आणि मांजराचा खांब. एवढे सगळे करूनही काही ओरखडे उरतातच. ते किती आणि कुठे उरावेत, हे मात्र बरेचसे घरातल्यांच्या हातात असते.

दात

कुत्र्याच्या पिल्लाला साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात 28 दुधाचे दात येतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि काहीतरी चावल्यानेच बरे वाटते. पडलेले दात पिल्लू बहुधा गिळून टाकते, त्याने काही बिघडत नाही. एखादा लादी झाडताना सापडतो, आणि बाळाच्या जावळासारखा डबीत जपून ठेवणारी घरेही आहेत.

दात आले म्हणजे चावणे संपले, असे समजून कपाटाची दारे उघडी टाकणाऱ्यांची फसगत होते. सात-आठ महिन्यांपासून पुढे वर्ष-दीड वर्षापर्यंत चावण्याची दुसरी लाट येते, आणि ती पहिलीपेक्षा महागात पडते, कारण आता जबडा मोठ्या कुत्र्याचा असतो आणि अक्कल पिल्लाची. लॅब्राडोरसारख्या जातींत हा काळ आणखी लांबतो. शिकार केलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी घडवलेली ही कुत्री आहेत. माणसाचे मूल जे काम हाताने करते ते ती तोंडाने करतात. सोफा, गादी किंवा नवे दार यांवर मोठा खर्च करायचा असेल तर कुत्रे दीड वर्षाचे होईपर्यंत थांबावे, असा साधा हिशेब आहे.

कोणती वस्तू कुरतडली जाईल हे बऱ्यापैकी आधी सांगता येते. घरच्या माणसाचा वास सर्वांत जास्त ज्या वस्तूंना लागतो त्या पहिल्या: चपला, मोजे, टीव्हीचा रिमोट, चष्म्याचे घर, उशीचा अभ्रा. कोल्हापुरी चप्पल या यादीत सर्वांत वर. झाडाच्या सालीने कमावलेले तिचे कातडे वासाला जनावराच्या फार जवळ असते आणि त्यावर रंगाचा जाड थर नसतो. जुनी झाली म्हणून एखादी चप्पल पिल्लाला खेळायला देणे ही घरोघरी होणारी चूक आहे. जुनी आणि नवी यांतला फरक किमतीत असतो, वासात नसतो. चप्पल चावायची असते, एवढाच धडा पिल्लू त्यातून घेते.

म्हणून पहिले काम वस्तू हलवण्याचे. चपला दाराच्या कपाटात, रिमोट वरच्या फळीवर, मोजे बादलीऐवजी झाकणाच्या टोपलीत. हलवता न येणाऱ्या वस्तू झाकाव्यात: जेवणाच्या टेबलाच्या सागवानी पायांना उभा चिरलेला पीव्हीसी पाइप काही महिने बसवता येतो, आणि लोंबत्या वायरी केसिंग पट्टीत घालता येतात. वायरींचे काम पुढे ढकलू नये. चार्जरची वायर कुरतडली तर फक्त चार्जर जातो, पण भिंतीतून आलेली जिवंत वायर चावली तर पिल्लू जाऊ शकते. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर पिल्लू आणण्याआधी बसवून घ्यावा. धक्का बसलेल्या प्राण्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. तो उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरांकडे न्यावे, कारण फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

दुसरे काम चावायला हक्काची वस्तू देण्याचे. थंड गाजर, ओला पीळ देऊन फ्रीझरमध्ये कडक केलेला सुती पंचा, आत दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरता येईल असे पोकळ रबरी खेळणे, ही साधने स्वस्त आणि उपयोगी आहेत. खेळणे फार कठीण नसावे. अंगठ्याचे नख दाबून पाहिले तर किंचित रुतले पाहिजे, नाहीतर दातच फुटतो. रविवारच्या मटणाची किंवा कोंबडीची शिजवलेली हाडे देऊ नयेत. शिजलेल्या हाडाच्या धारदार कपच्या निघतात. वस्तूंना लाल तिखट फासण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने जीभ, नाक आणि डोळे पोळतात, आणि तिखटाची चटक असलेली कुत्रीही निघतात.

तोंडात नको ती वस्तू दिसली की ओरडत मागे धावू नये. पिल्लाच्या दृष्टीने तो घरातला सर्वांत मजेदार खेळ असतो. चिकनचा तुकडा किंवा आवडते खेळणे पुढे करून अदलाबदल करावी आणि मगच वस्तू उचलावी. हिसकावून घेण्याची सवय लागली की कुत्री चोरलेली वस्तू घाईघाईने गिळून टाकायला शिकतात, आणि कुरतडण्यापेक्षा गिळणे कितीतरी वाईट. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा दांडा, बारा महिने मोजे, अशा गोष्टी आतड्यात अडकतात. मांजरांच्या बाबतीत धोका दोऱ्याचा: सुईतला, राखीचा, पतंगाचा आणि सगळ्यांत फसवा म्हणजे सुकलेल्या गजऱ्याचा. दोरा आतड्यात ताणला गेला तर आतडे कापतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. तसेच दवाखाना गाठावा. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, शी न होणे यांतले काहीही दिसले तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

नख्या

मांजर सोफा ओरखडते तेव्हा एकाच वेळी तीन कामे उरकते. नखीवरचे जुने टरफल गळून खालची टोकदार नखी मोकळी होते, पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि पंजाच्या गादीतल्या ग्रंथींचा वास त्या जागेला लागतो. तिसऱ्या कामामुळेच ती जागा अडगळीत नसते. बैठकीच्या खोलीत, ये-जा करण्याच्या वाटेवर, झोपून उठल्यावर पहिल्यांदा समोर येणारा सोफ्याचा कोपरा मांजराने विचारपूर्वक निवडलेला असतो.

यावरूनच उपाय ठरतो. नख्या घासायचा खांब लहान, हलका आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवलेला असेल तर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मागच्या पायांवर उभे राहून अंग पूर्ण ताणता येईल इतका तो उंच हवा, म्हणजे मोठ्या मांजरासाठी निदान तीन फूट. जोर लावल्यावर डुगडुगता कामा नये, आणि ओरखडल्या जाणाऱ्या कोपऱ्याला खेटूनच तो उभा करावा. दुकानातला खांब महाग वाटला तर सुताराकडून जड पाटावर एक खांब ठोकून घेऊन त्याला काथ्याची दोरी किंवा जाड सुतळी घट्ट गुंडाळली तरी चालते. गोणपाट ताणून ठोकलेली फळीही अनेक मांजरांना पसंत पडते. काहींना उभे नको, आडवे हवे असते. अशांसाठी पायपुसण्याजवळ काथ्याची जाड चटई टाकावी. सोफ्याच्या कोपऱ्याला त्या काळात दुहेरी चिकटपट्टी लावली किंवा गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळले की पंजाला तो नकोसा होतो. खांबाची सवय पक्की झाल्यावर, आणि त्याला काही आठवडे लागतात, तो रोज थोडा थोडा सरकवता येतो. मात्र सोफ्यापासून फार दूर नेण्याचा लोभ धरू नये.

नवा सोफा घेताना कापडावर नखाने ओढून पाहावे. जाड धाग्यांची, फासे वर आलेली वीण मांजराला सर्वांत आवडते. दाट, गुळगुळीत कापडावर नखी नीट रुतत नाही. रेक्झिनवर पडलेले भोक बुजत नाही. वेताची खुर्ची आणि मांजर एका घरात सुखाने नांदल्याचे उदाहरण विरळा.

नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कापली तर नुकसान कमी होते. मांजराचा पंजा हलक्या हाताने दाबला की नखी बाहेर येते. तिचे फक्त पुढचे आकडेदार पांढरे टोक कापायचे. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तो कापला तर रक्त येते आणि पुढच्या वेळी पंजा हातात मिळत नाही. नख्या कायमच्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही देशांत केली जाते. तिचे नाव सौम्य असले तरी तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये तिच्यावर बंदी घातली. सोफ्यासाठी तिचा विचारही करू नये.

लघवी

डाग आणि वास या दोहोंत सर्वांत चिवट नुकसान लघवीचे. शेणाने सारवलेल्या जमिनीला हा प्रश्न फारसा नव्हता: ओली माती खरवडली, पुन्हा सारवले, की काम संपे. फरशी, गादी आणि गालिचा यांना मात्र रसायनशास्त्र समजून घ्यावे लागते.

मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. ते हळूहळू विघटित होताना गंधकयुक्त संयुगे तयार होतात, म्हणून वास पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी उग्र होतो. नसबंदी न झालेल्या बोक्यांत फेलिनीनचे प्रमाण सर्वांत जास्त. कुत्र्याच्या आणि मांजराच्या लघवीतले क्षार वाळल्यावर वस्तूत मुरून राहतात आणि हवेतली ओल शोषतात. उन्हाळाभर निर्धास्त असलेल्या मुंबईच्या किंवा कोकणातल्या घरात जूनच्या पहिल्या सरींबरोबर जुना डाग पुन्हा बोलू लागतो, तो यामुळे. माणसाला वास येईनासा झाला तरी प्राण्याला तो येतच असतो, आणि जिथे वास तिथे पुन्हा लघवी.

डाग ताजा असेल तर तो पुसू नये, टिपावा. पुसल्याने तो पसरतो. जुन्या सुती कापडाची घडी डागावर ठेवून वर पाय देऊन उभे राहावे आणि घडी बदलत जावे. मग साध्या पाण्याने ओले करून पुन्हा टिपावे. शेवटी प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण भरपूर ओतावे आणि बाटलीवर लिहिले असेल तितका वेळ जागा ओली राहू द्यावी. गादीत लघवी जितकी खोल गेली तितकेच खोल द्रावण गेले पाहिजे. वरवरचा फवारा वाया जातो. त्याआधी जंतुनाशक मारलेले असेल तर एन्झाइम निकामी होतात, म्हणून क्रम उलटा करू नये. जुने डाग सापडत नसतील तर अंधार करून नोटा तपासण्याचा अतिनील टॉर्च फिरवावा. वाळलेली लघवी त्यात फिकट चमकते, आणि घरात आजवर काय काय होऊन गेले हे कळून थोडा धक्काही बसतो.

फरशी कोणती आहे हेही पाहावे लागते. संगमरवर, शहाबादी, कोटा आणि कडप्पा या दगडांत चुना असतो. व्हिनेगर, लिंबू आणि बाथरूम स्वच्छ करण्याची आम्लयुक्त द्रावणे त्यांची झिलई खातात. लघवीचा डाग एकवेळ जाईल, पण उपायाने पडलेला पांढुरका चट्टा पॉलिशशिवाय जाणार नाही. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः शोषत नाही, तिच्या सांध्यांतले सिमेंट शोषते, तेव्हा ब्रश तिथे चालवावा.

घरोघरी असलेली फिनेलची बाटली मांजराच्या घरातून बाहेर काढावी. फिनॉल जातीची रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृताची एक प्रक्रिया मांजरांत फार दुबळी असते. ओल्या लादीवरून चाललेले मांजर नंतर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. पाण्यात टाकताच दुधाळ होणारी पाइनच्या किंवा क्लोरोझायलेनॉलच्या वासाची जंतुनाशकेही मांजराला तशीच घातक. ब्लीचिंग पावडर लघवीवर टाकू नये. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होऊन निघणारा वायू माणसाच्याही छातीला त्रास देतो. कपाटातल्या डांबर गोळ्या दोन्ही प्राण्यांना विषारी आहेत.

आता सवयीकडे. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा जेमतेम दोन-तीन तास लघवी धरू शकते. वय जितके महिने त्यात एक मिळवला की साधारण तितके तास, असा अंदाज धरतात. झोपून उठल्यावर, खाल्ल्यानंतर आणि खेळून दमल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्यावे, काम झाले की त्या क्षणी कौतुक करावे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, भटकी कुत्री जिथे फिरतात तिथे पिल्लाला उतरवता येत नाही, कारण पार्व्हो विषाणूची लागण. तोवर बाल्कनीत किंवा न्हाणीघराजवळ वर्तमानपत्र पसरावे आणि आदल्या दिवसाचा किंचित ओला तुकडा वर ठेवावा, म्हणजे वासाने जागा कळते. नाक लघवीत घासण्याची जुनी रीत सर्वस्वी टाकून द्यावी. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि पुढे ते सोफ्याच्या मागे जाऊन करू लागते.

मांजराला शिकवावे लागत नाही, सोय करावी लागते. घरात जितकी मांजरे त्याहून एक ट्रे जास्त, ट्रे रोज साफ, आणि धुण्याचे यंत्र किंवा जेवणाची वाटी यांपासून दूर, एवढे पाळले की बहुतेक तक्रारी मिटतात. साधी बारीक वाळूही चालते. खाली न बसता उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारणारा बोका मात्र लघवी करत नसतो, हद्द आखत असतो. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी केली तर बहुसंख्य बोक्यांत ही सवय लागत नाही किंवा सुटते.

नीट सवय असलेला प्राणी अचानक कुठेही लघवी करू लागला तर आधी तपासणी करावी, रागावणे नंतरही जमते. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांची पहिली खूण अनेकदा गादीवरच दिसते. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो आणि काहीच येत नाही, असे दिसले तर ती तातडीची वेळ आहे. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

घरात कोणी गरोदर असेल की मांजर सोडून द्या, असा सल्ला नातेवाईक हटकून देतात. त्यामागचे टोक्सोप्लाझ्माचे भय खोटे नाही, पण उपाय साधा आहे. मांजराच्या शीमधले हे परजीवी बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज दुसऱ्या कोणीतरी साफ करावा, गरोदर स्त्रीने त्याला आणि बागेतल्या मातीला उघडा हात लावू नये, मांस नीट शिजवावे, भाज्या धुवाव्यात. मांजराने कुठे जायची गरज नाही.

हे सगळे त्रास आजचे नाहीत. सुमारे 1420 साली नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर इथल्या एका लेखनिकाच्या हस्तलिखितावर मांजराने रात्री लघवी केली. त्याने ते पान तसेच सोडले, मांजराचे चित्र काढले, शिव्याशाप लिहिले, आणि मांजरे येतात तिथे रात्री पुस्तके उघडी ठेवू नयेत असा इशाराही देऊन ठेवला. पुस्तक मिटून ठेवावे, हा त्यातला भाग आजही लागू आहे.

भीती

सगळी माणसे बाहेर गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात झालेली नासधूस, आणि तीही दाराची चौकट, कडी, खिडकीचे गज यांच्या आसपास, ही खेळकर कुरतड नसते. एकटेपणाने घाबरलेले कुत्रे बाहेर पडायची वाट शोधत असते. कधी नख्या रक्ताळतात, दात तुटतात. जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवला की चित्र स्पष्ट होते: कंटाळलेले कुत्रे आधी झोपते, मग उशी फाडते, घाबरलेले कुत्रे दार लागताच येरझाऱ्या घालते, लाळ गाळते, विव्हळते. कोविडच्या टाळेबंदीत आणलेली आणि दिवसरात्र माणसांत वाढलेली कितीतरी पिल्ले कचेऱ्या सुरू झाल्यावर या त्रासात सापडली. अशा कुत्र्याला खोलीत कोंडल्याने दुसरे दार खराब होते, एवढेच. दाराबाहेर आधी काही सेकंद, मग मिनिट, मग पाच मिनिटे असे जाऊन येत, ते शांत असतानाच परतत, सवय लावावी लागते. त्रास जास्त असेल तर पशुवैद्य औषधही देतात.

घरी परतल्यावर कान पाडून, नजर चुकवून बसलेले कुत्रे पाहून त्याला सगळे कळते, असे म्हणण्याची पद्धत आहे. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे तपासले. कुत्र्याने खरोखर खाऊ चोरला होता की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही; मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि निरपराध कुत्रीही तो करत. म्हणजे ती फाटक्या उशीची कबुली नव्हे, रागावलेल्या माणसापुढची शरणागती आहे. तासाभरापूर्वीच्या गोष्टीसाठी दिलेल्या शिक्षेतून माणूस घरी येणे धोक्याचे असते, इतकेच त्याला समजते, आणि घाबरलेल्या कुत्र्याची भीती वाढते.

दिवाळीचे फटाके आणि गणपतीचे ढोल-ताशे ही भीतीची दुसरी वेळ. त्या संध्याकाळी फेरफटका लवकर उरकावा, खिडक्या लावून पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा, पलंगाखाली जुनी गोधडी टाकून लपायला जागा करावी आणि तिथून ओढून काढू नये. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असावा. पूर्वी दार ओरबाडलेले असेल तर औषधाबद्दल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विचारावे, लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्हे.

केस, कुंड्या आणि भाड्याचे घर

केसांबद्दल फार सांगण्यासारखे नाही: ते गळतात. रोज पाच मिनिटे ब्रश केला तर जमिनीवर कमी पडतात. सोफ्यावरचे ओल्या रबरी हातमोज्याने गोळा होतात. काळी पँट दाराजवळ टांगू नये.

कुंडी उकरली जात असेल तर मातीवर मोठे गोटे पसरावेत. मनी प्लांट चघळल्याने तोंडाची आग होते. कण्हेर दोघांनाही जीवघेणी, आणि खऱ्या लिलीची फुले, पाने, अगदी परागही मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. अशी फुले मांजराच्या घरात आणूच नयेत.

भाड्याच्या घरात शिरताना दारे, चौकटी, फरशी यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला पाठवावेत आणि प्राणी असल्याचा उल्लेख करारात करून घ्यावा. लपवून आणलेल्या कुत्र्याचा हिशेब अनामत रकमेतून होतो. घर सोडण्यापूर्वी चौकटीवरचे ओरखडे पुट्टी भरून, घासून, पॉलिश करून घेणे सुताराच्या एका दिवसाचे काम असते. मालकाने परस्पर करून घेतले तर बिल त्याच्या मर्जीचे येते. सोसायटीच्या बाबतीत, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. जिन्यातली आणि लिफ्टमधली घाण स्वतः साफ करणाऱ्याला मात्र त्या सूचना दाखवायची वेळ सहसा येत नाही.

आठ महिने ते दीड वर्ष हा काळ सर्वांत खर्चिक, आणि कुत्रे कोणाला तरी देऊन टाकावे असे वाटण्याचाही. ‘ओळखीच्यांच्या शेतावर सोडले’ या वाक्यात पुष्कळदा ओळखीचेही नसतात आणि शेतही नसते. उपाशीतापाशी राहावे लागेल अशा रीतीने प्राणी सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. कायद्याच्या मूळ तरतुदीत पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये ठेवलेला आहे. फाडलेली चप्पल त्याहून महाग असते. देण्याचा विचार आलाच तर त्याआधी तीन महिने वर सांगितलेली व्यवस्था नेटाने करून पाहावी. सकाळ-संध्याकाळ भरपूर चालणे आणि वास घेत भटकू देणे एवढ्यानेही अनेक उशा वाचतात. तोवर घरात ज्या वस्तूंचे दुःख सोसणार नाही त्यांची यादी करून त्या उचलाव्यात: आजीची पैठणी, लग्नाचा अल्बम, परीक्षेच्या वह्या. बाकीचे गेले तर गेले, हे सगळ्यांनी आधीच ठरवून घेतले की संध्याकाळी दार उघडताना आवाज चढत नाही.

म्हातारपण

दहा-बारा वर्षांनी चावणे थांबलेले असते आणि लघवीचा प्रश्न परत येतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू सैल पडतात, झोपेत गादी ओली होते. काहींना रात्री दिशा कळत नाही आणि ती भिंतीसमोर उभी राहतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे, तेव्हा वयाच्या माथी मारून बसू नये. तान्ह्या बाळाखाली घालतात ते मेणकापड गादीवर घालून त्यावर धुता येणारी गोधडी पसरावी आणि अशा तीन गोधड्या पाळीने ठेवाव्यात. गुळगुळीत टाइलवर मागचे पाय घसरतात, म्हणून अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी चटयांची वाट करावी. रात्री एक छोटा दिवा लावावा. मांजरासाठी ट्रेची एक कड कापून बुटकी करावी आणि सोफ्यासमोर पायरीसारखा पाट ठेवावा, म्हणजे ज्या कोपऱ्यावर ती इतकी वर्षे नख्या घासत आली तिथे तिला चढता येईल. त्या सोफ्याचे कापड बदलायचे काम या काळात काढू नये. नव्या कापडाला तिचा वास नसतो.